‘मेलमनमध्ये पत्ते आपोआप सुरक्षित असतात’: हे कुठवर खरं?

“मेलमन संग्रहात ‘@’ काढून ‘ॲट’ लिहितो, डिफॉल्ट सेटिंग्ज सुरक्षितच असतात, त्यामुळे सभासदांचे पत्ते स्पॅमवाल्यांच्या हाती लागत नाहीत.” मेलमन हे मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर आणि संग्रह म्हणजे लिस्टवरच्या जुन्या मेलची वेबपानं. मेलमन २.१ वरच्या लिस्टबद्दल हे सर्रास फॉरवर्ड होतं. यातला पहिला तुकडा खरा आहे, पुढचे दोन नाहीत.

‘ॲट’चं ‘@’ करायला स्क्रिप्टला एक ओळ पुरते. नुसत्या पाट्या टाकणारे बॉट तेवढे अडतात. जोडलेल्या पीडीएफमधले पत्ते तर तसेच राहतात. ‘ॲट’ लिहिण्याची सेटिंग उशिरा चालू केली तर जुनी पानंही बदलत नाहीत. ‘आर्च’ कमांड ‘वाइप’ पर्यायासह चालवून संग्रह एमबॉक्समधून (सगळे मूळ मेल साठवलेल्या फाइलमधून) नव्याने बांधावा लागतो. त्याआधी एमबॉक्सची प्रत काढा आणि ती दुरुस्त करणारी ‘क्लीनआर्च’ कमांड चालवा. नाहीतर मजकुरातली एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू होत असेल तर तिथून नवा संदेश धरला जातो, पुढचे क्रमांक सरकतात आणि जुन्या लिंका भलत्याच संदेशावर उघडतात.

आता ‘डिफॉल्ट सुरक्षित’. संग्रह मुळात सार्वजनिक असतो. जुन्या लिस्टवर सभासदयादी बहुधा सगळ्या सभासदांना दिसते. नाव नोंदवायचं, पुष्टीच्या मेलला उत्तर द्यायचं, यादी उघडायची, झालं! पुष्टीमुळे दुसऱ्याचं नाव परस्पर घुसवता येत नाही, पण स्वतःच्या पत्त्याने आलेला स्पॅमवाला अडत नाही. म्हणून ‘प्रायव्हेट रोस्टर’ (यादी कुणाला दिसावी ही सेटिंग) फक्त ॲडमिनपुरता करा, नोंदणीला मंजुरी लावा, संग्रह खाजगी ठेवा. आणि हे प्रत्येक लिस्टवर जाऊन करा. कॉन्फिग फाइलमध्ये डिफॉल्ट बदललं तर ते पुढे बनणाऱ्या लिस्टनाच लागतं. लोक नेमके इथे फसतात.

एवढं करूनही सभासदांना जाणाऱ्या मेलच्या हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता उघडाच असतो. कुणी ते मेल बाहेरच्या सार्वजनिक संग्रहाकडे वळवले तर तिथे तुमच्या सेटिंग्ज चालत नाहीत. ‘अनॉनिमस लिस्ट’ ही सेटिंग पाठवणाऱ्याचा पत्ता झाकते, पण मग लिहिणाऱ्याला खाजगी उत्तर देता येत नाही. चर्चेच्या लिस्टला हा उपाय जाचकच.

डिफॉल्टचा आणखी एक ताप. बाहेरच्याचा मेल रोखला की मेलमन ‘मंजुरी बाकी आहे’ असं त्या पाठवणाऱ्याला कळवतो. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे ही सूचना तिऱ्हाइताच्या माथी पडते आणि तुमचा सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो. ‘जनरल ऑप्शन्स’मध्ये ती बंद करा. दरमहा पासवर्डची आठवण पाठवण्याची सेटिंगही त्याच पानावर आहे. ती पासवर्ड साध्या मजकुरात पाठवते, तेव्हा तीही बंद करा.