कार्टून म्हणून नाक मुरडायच्या आधी

तुमच्या लेखात म्हटलंय की स्टार ट्रेक, म्हणजे त्या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन मालिका, मुलांच्या मागे लागल्यापासून सगळं पाणचट झालंय. अहो पण त्यातली मुलांसाठीची अ‍ॅनिमेटेड सिरीज प्रॉडिजी खरंच बघितली का तुम्ही? 2021 ला आली तेव्हा मी पण निकलोडियनचं कार्टून म्हणून सोडून दिलेली, मग एकदा नऊ वर्षांच्या भाचीसोबत बसलो आणि गपगार झालो. सुरुवातीला एक खाण आहे, तिथे वेगवेगळ्या ग्रहांची पोरं कैदी, आणि त्यांना मुद्दाम ट्रान्सलेटर (भाषा बदलून देणारं यंत्र) देत नाहीत, म्हणजे एकमेकांशी बोलता येऊ नये आणि बंड होऊ नये!! त्यात ती रॉक-टाक, दगडाचा डोंगरच, नुसती गुरगुरते, नंतर पोरांना सापडलेल्या यानात ट्रान्सलेटर चालू होतो आणि आवाज येतो तो आठ वर्षांच्या पोरीचा. भाची जी हसली ना, आणि मग मलाच विचारते की मामा, म्हणजे इतके दिवस तिचं कोणाला कळतच नव्हतं?

आणि मुलांसाठी करणं हे काही आजचं खूळ नाही, 1973 लाच स्टार ट्रेकची अ‍ॅनिमेटेड सिरीज आलेली, 22 एपिसोड, टीव्हीचं एमी अवॉर्ड पण मिळालं होतं.

राग यायचाच तर पॅरामाउंट या स्टार ट्रेकच्या मालक कंपनीवर यावा, दुसरा सीझन बनत असताना 2023 मध्ये प्रॉडिजी रद्द केली, वर पहिला सीझन पण स्वतःच्याच प्लॅटफॉर्मवरून काढून टाकला. नेटफ्लिक्सने घेतली म्हणून 2024 मध्ये पुढचं बघायला तरी मिळालं.

बाकी भाचीला आता प्रॉडिजीत दिसणाऱ्या कॅप्टन जेनवेची जुनी स्टार ट्रेक सिरीज व्हॉयेजर हवीये, 172 एपिसोड, मे महिना पुरायचा नाही.