नवी गाडी येईपर्यंतची जुनी गाडी

२०२३ च्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका धावत्या एसटीचं छप्पर फडफडतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तेव्हापासून गावाकडे एकच मागणी ऐकू येते: भंगार गाड्या काढा, नव्या द्या. त्याला जोडून हेही येतं, की परदेशात असं कधी होत नाही.

तिथेही होतं. २१ जुलै २०२२ ला अमेरिकेत बोस्टनच्या ऑरेंज लाइन मेट्रोच्या एका डब्याचा बाजूचा पत्रा सुटला, वीजवाहक तिसऱ्या रुळाला टेकला आणि नदीवरच्या पुलावर गाडीने पेट घेतला. लोक खिडक्यांतून बाहेर पडले, एका बाईने नदीत उडी टाकली. ते डबे १९७९ ते १९८१ या काळातले. पण न्यूयॉर्क मेट्रोचे आर-३२ नावाचे डबे १९६४-६५ मधले आणि ते जानेवारी २०२२ पर्यंत प्रवासी वाहत होते. त्यांचा बाहेरचा पत्रा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा, हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे १९८८ ते १९९० दरम्यान ते जवळपास सगळे खोलून नव्याने बांधले गेले, आणि पुढे भाग बिघडायची वाट न पाहता ठरल्या मुदतीला बदलत गेले. बोस्टनच्या त्या डब्यांची अर्ध्या आयुष्यातली मोठी दुरुस्ती कधी झालीच नाही.

ही मोठी दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे. डबा जॅकवर उचलून खालच्या बोगी, म्हणजे चाकं बसवलेले सांगाडे, बाहेर काढतात. ब्रेक लावताना चाक घसरलं की त्यावर सपाट चट्टा पडतो, तो प्रत्येक फेऱ्यात रुळावर आपटतो आणि ते हादरे बोगीच्या सांध्यांना तडे पाडतात. म्हणून चाकं लेथवर पुन्हा गोल करतात. चाक लहान झालं की डबा खाली बसतो. फलाटाशी पायरी जुळावी म्हणून बोगीत पट्ट्या भरून उंची परत आणावी लागते. जुन्या डीसी मोटरचे कार्बन ब्रश झिजतात. त्यांची भुकटी वेळेवर फुंकून काढली नाही तर ठिणगी उडून मोटर जळते. ब्रेकच्या व्हॉल्व्हमधलं रबर गाडी उभी असली तरी कडक होतं, त्यामुळे ते किलोमीटर पाहून नाही, तारीख पाहून बदलायचं. आणि दरवाजे! ते प्रत्येक स्टेशनवर उघडतात, मिटतात. एकाचा स्विच 'बंद झालो' असं सांगत नसेल तर अख्खी गाडी हलत नाही.

एसटीचा हिशोब वेगळा आहे, हे मान्य. खड्ड्यांच्या रस्त्यावर चासी पिळवटते, म्हणून बस ५० वर्षं चालवा असं कोणी म्हणू नये. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, त्यात एसटीही येते. माझा आक्षेप इतकाच, की सगळी चर्चा त्या १५ च्या आकड्यावर थांबते. आठ वर्षांच्या गाडीचंही छप्पर उडू शकतं. अनेक जुन्या गाड्यांत लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवलेला असतो. मधे पाणी मुरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हादऱ्यांनी रिव्हेटचं भोक मोठं होतं, पुढच्या कडेचे दोन-तीन रिव्हेट गेले की वारा आत शिरतो आणि बाकीचं काम तोच करतो. उपाय डेपोतल्या माणसाच्या हातातला आहे: मे महिन्यात पुढची कड हाताने दाबून पाहायची, ढिला रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा ठोकायचा, भोक फाटलं असेल तर पट्टी जोडायची, सांध्यात सीलंट भरायचं. पण रिव्हेट, सीलंट आणि तासभर उभी ठेवता येईल अशी एक जादा गाडी डेपोकडे हवी. गाड्याच कमी असल्या की नेमका हाच तास मिळत नाही. मग एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावतात, आणि त्या भागाचं वय कुठेच नोंदलं जात नाही.

नव्या गाड्या वेळेवर येतील हा भरवसा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. बोस्टनने नव्या डब्यांचं कंत्राट २०१४ मध्ये दिलं. आग लागली तेव्हाही सगळे आले नव्हते. आपल्याकडे ५,१५० इलेक्ट्रिक बसचं कंत्राटही असंच रखडलं. 'नवी येतेच आहे' म्हणून जुनीवरचा खर्च आखडतात, आणि त्या मधल्या वर्षांत रद्द होते ती मुक्कामी गाडी, किंवा शाळेच्या पोरींची मानव विकासची निळी बस.

म्हणून आमदारांना नव्या गाड्या मागताना सोबत हेही मागा: नागपूरच्या हिंगणा वर्कशॉपला आणि तालुक्याच्या डेपोला लागणाऱ्या स्पेअरसाठी वेगळी तरतूद, पावसाळ्याआधी प्रत्येक गाडीच्या छपराची व ब्रेकची सहीनिशी तपासणी, आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणासकट यादी दर महिन्याला बसस्थानकाच्या फलकावर.