चार्ज, पण कसला?

'चार्ज'ला मराठीत काय म्हणायचं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या चार्जला? मोबाइलच्या, पोलिसांच्या, कोर्टाच्या, बँकेच्या, हॉटेलच्या, की बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या? विचारणारा वैतागतो. त्याला एकच शब्द हवा असतो आणि तो मिळाला की मराठीचं मोठं काम झालं असं त्याला वाटणार असतं. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा माझ्या तोंडून 'प्रभार' ऐकायची त्याची तयारी झालेली असते. प्रभार हा शब्द मला आवडतो, पाठ्यपुस्तकात तोच आहे. पण तो आमच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंतच चालतो. दाराबाहेर ऑफिसात गेलं की प्रभार म्हणजे कायमस्वरूपी मुख्याध्यापक मिळेपर्यंत कुणाच्या तरी गळ्यात पडलेली खुर्ची.

आधी प्रयोगशाळेतलंच सांगतो. 18व्या शतकात विजेचे प्रयोग करणारे लोक काचेच्या बरणीत वीज साठवत. लेडनची बरणी, 1745-46 सालची. ही बरणी ते 'चार्ज' करत, म्हणजे भरत, जशी बंदुकीत दारू भरायची. बेंजामिन फ्रँकलिननं अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या संचाला 'बॅटरी' म्हटलं. तोवर बॅटरी म्हणजे ओळीनं मांडलेल्या तोफा. आपण खिशात घेऊन फिरतो त्या दोन्ही शब्दांना दारूगोळ्याचा वास आहे तो असा.

फ्रँकलिनची कल्पना अशी होती की वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे. तो ज्या वस्तूत जास्त झाला ती धन, ज्या वस्तूत कमी पडला ती ऋण. कुणाला धन म्हणायचं हे त्यानं अंदाजानं ठरवलं आणि तो अंदाज उलटा निघाला. 1897 मध्ये जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तारेतून प्रत्यक्ष वाहणारा हा कण फ्रँकलिनच्या हिशेबात ऋण ठरला. तोवर दीडशे वर्षं होऊन गेली होती, चिन्हं बदलायला कोण तयार होणार? म्हणून आजही मुलं आकृतीत विजेचा प्रवाह एका दिशेनं दाखवतात आणि इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेनं. दरवर्षी एखादा तरी मुलगा विचारतो, "सर, मग खरं काय?" त्याला सांगायला लागतं की बाबा, दोन्ही बरोबर, पहिला फक्त ठरवून घेतलेला आहे.

पुढे रॉबर्ट मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञानं 1909 पासून तेलाच्या बारीक थेंबांवर प्रयोग करून दाखवलं की प्रभार वाटेल तेवढा नसतो, तो ठरावीक सुट्या नगांत येतो. त्याला 1923 चं नोबेल मिळालं. 20 मे 2019 पासून या नगाची किंमत 1.602176634 × 10⁻¹⁹ कूलोम (कूलोम हे प्रभार मोजायचं एकक) अशी कायमची ठरवून टाकली आहे. मोजून आलेली नाही, ठरवलेली, त्यामुळे तिच्यापुढे 'अधिक-उणे' काही लिहायचं नाही. इतका काटेकोर अर्थ दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात या शब्दाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

आणि तोच शब्द घेऊन आपण म्हणतो, फोन चार्ज झाला. आता फोन शंभर टक्के चार्ज होतो तेव्हा त्यातला निव्वळ प्रभार वाढलेला नसतो. एका टोकानं जेवढे इलेक्ट्रॉन आत येतात तेवढेच दुसऱ्या टोकानं बाहेर जातात. साठते ती रासायनिक ऊर्जा. लिथियमचे आयन बॅटरीच्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवले जातात आणि आपण फोन वापरू लागलो की ते परत फिरतात. बॅटरीवर 5000 मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा की तिच्यातून 18,000 कूलोम प्रभार पुढे ढकलता येतो. तेवढा प्रभार खरोखरच फोनमध्ये साठून राहिला असता तर ही पोस्ट वाचायला तुम्ही उरला नसता आणि लिहायला मी.

म्हणून 'भ्रमणध्वनी प्रभारित करावा' असं लिहिणाऱ्यांचा मला दुहेरी राग येतो. असं कुणी बोलत नाही, आणि भौतिकशास्त्रातही ते बसत नाही. 'चार्जिंगला लाव' हे उत्तम मराठी आहे. माझी आई इंग्रजीचं अक्षर न शिकता ते बिनचूक वापरायची.

या शब्दाचं मूळ गाडीत आहे. लॅटिनमध्ये 'कॅरस' म्हणजे गाडा. त्याच्यावर माल लादणं यावरून फ्रेंचमार्गे 'चार्ज' आला. कार, कार्गो, कॅरी, करिअर ही सगळी त्याच गोतावळ्यातली. कॅरिकेचरसुद्धा, कारण व्यंगचित्रकार चेहऱ्यावर वाजवीपेक्षा जास्त माल लादतो. मूळ अर्थ ओझं. बैलगाडीत ऊस भरतात ना, तेच. मग हे ओझं कुणावर आणि कसलं, एवढाच प्रश्न उरतो. बंदुकीवर दारूचं, माणसावर जबाबदारीचं, गिऱ्हाइकावर पैशाचं, आरोपीवर आरोपाचं, जमिनीवर कर्जाचं.

मराठीतही हे ओझं जागोजागी आलं आहे. प्रभार, कार्यभार, पदभार, अतिरिक्त कार्यभार, भारित कण, अधिभार, आणि जमिनीवरचा बोजा. वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हे शब्द एका कुटुंबातले निघतात. वीजबिलात मात्र 'आकार' आहे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. तो महसूल खात्याच्या आकारणीचा भाऊ. मला तो फार आवडतो, छोटा आहे आणि बिलावर मावतो.

हॉटेलच्या बिलावर मात्र अजून सरळ 'सर्व्हिस चार्ज' असतो आणि कित्येक जण तो सरकारी कर समजून निमूट भरतात. सर्व्हिस टॅक्स वेगळा होता, तो 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरघळला. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याचा असतो, आणि तो आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलं आहे.

बाकीचे चार्ज भराभर सांगतो. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत भट्टीत चार्ज टाकतात, म्हणजे भंगार, पिग आयर्न, कोक, चुनखडी. एसीवाला गॅस चार्ज करतो. ऑफिसात चार्ज दिला-घेतला जातो, त्यात किल्ल्या, डेडस्टॉक रजिस्टर आणि मागच्याच्या मागच्यानं हरवलेलं टेबल येतं. दवाखान्यात पेशंटला डिस्चार्ज मिळतो आणि जखमेतून डिस्चार्ज येतो, एकाच केसपेपरवर. कोयनेतून होतो तो डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, क्युसेकमध्ये, सेकंदाला एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर. संस्कृतच्या बाईंचा विसर्ग दोन टिंबांचा असतो. तिकडे सांगली-कोल्हापूरला पावसाळ्यात नुसता विसर्ग म्हटलं तरी पोटात गोळा येतो. रिचार्ज मोबाइलचा होतो, बोअरचाही होतो. लाठीचार्ज तर सगळ्यांना माहीत आहे. त्याला वर्तमानपत्रं लाठीमार म्हणतात ते चांगलं करतात, फक्त त्याच्या मागचं 'सौम्य' काढावं. सौम्य आहे की नाही हे ज्याच्या पाठीवर बसली त्याला विचारून लिहावं.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. वायरमन, डॉक्टर, फाउंड्रीवाला, प्रत्येकानं आपल्या सोयीचा अर्थ घेतला, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पेशंटच्या नातेवाइकाला कुठला डिस्चार्ज ते कळतंच. माझं म्हणणं पुढच्या दोन ठिकाणांबद्दल आहे. तिथे अर्थ घसरला की माणसाची अब्रू जाते किंवा जमीन अडकते, आणि तिथे 'चार्ज' म्हणून भागत नाही.

पहिलं ठिकाण कोर्ट. माझी बहीण वकिली करते, तिच्यामुळे हे मला नीट समजलं. आपल्याकडे 'त्याच्यावर चार्जशीट झाली' असं म्हटलं की गावानं निकाल लावून टाकलेला असतो. प्रत्यक्षात चार्जशीट म्हणजे तपास संपल्यावर पोलिसांनी कोर्टाला दिलेलं त्यांचं म्हणणं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 173, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 193. त्या कलमात याला पोलीस अधिकाऱ्याचा अहवालच म्हटलं आहे. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत हा अहवाल द्यावा लागतो, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे मुदत संपत आली की चार्जशीट दाखल होण्याची घाई दिसते. वाचणाऱ्याला वाटतं, पुरावा भक्कम असणार. कधी असतो, कधी फक्त तारीख जवळ आलेली असते.

कोर्टाचा चार्ज याच्या नंतर. न्यायाधीश कागद बघतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याजोगं काही आहे असं वाटलं तर आरोप निश्चित करतात. कोर्टात जी मंडळी "चार्ज झाला का?" असं विचारतात ती हे विचारत असतात. चार्जशीट आणि चार्ज यांच्यामध्ये कधी महिने जातात, कधी वर्षं. आणि चार्ज ठेवण्याइतकंही काही नाही असं दिसलं तर आरोपीला डिस्चार्ज करतात. बातमीत हे 'निर्दोष सुटका' म्हणून येतं, तेही चूक. निर्दोष मुक्तता खटला चालून, साक्षीपुरावे होऊन मिळते. डिस्चार्जमध्ये खटला उभाच राहिलेला नसतो. आरोपीच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. एक जण सांगू शकतो की माझ्याविरुद्ध सिद्ध झालं नाही. दुसरा सांगू शकतो की माझ्याविरुद्ध सिद्ध करण्यासारखं काही नव्हतंच.

याला मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, कोर्टाचा चार्ज म्हणजे आरोप निश्चिती, डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती आणि खटला चालून सुटका म्हणजे निर्दोष मुक्तता. चारही वेगळे, चारही वापरात. मग बातमी लिहिताना सगळ्यांची खिचडी का करायची? त्यात आणखी भर म्हणजे खात्यांतर्गत चौकशीतलं दोषारोपपत्र. महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम, 1979 मध्ये तेही आहे. वेळेवर नोंदवही न लिहिणाऱ्या कारकुनालाही चार्जशीट मिळते आणि खुनाच्या आरोपीवरही चार्जशीट दाखल होते. पारावर दोघांची चर्चा एकाच आवाजात होते. कारकुनाच्या मुलीचं स्थळ मोडायला तेवढं पुरतं.

दुसरं ठिकाण जमीन. बँकेतला माणूस सांगतो, "प्रॉपर्टीवर आमचा चार्ज राहील." शेतकऱ्याला वाटतं काहीतरी फी लागणार आहे, आणि तो 'किती?' असं विचारतो. चार्ज म्हणजे बोजा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 58 मध्ये गहाण आहे आणि कलम 100 मध्ये बोजा, आणि दोन्ही एक नाहीत. गहाणात जमिनीतला काही हितसंबंध देणेकऱ्याकडून सावकाराकडे जातो. बोज्यात तसं काही जात नाही, जमीन फक्त रकमेला तारण राहते. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क'च्या रकान्यात गावच्या सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते कर्ज फेडल्यावर. शेवटचा हप्ता गेला, बँकेच्या कॉम्प्युटरवर खातं शून्य झालं, पेढे वाटले, म्हणजे बोजा गेला असं धरून चालतात. सातबारा बँकेच्या कॉम्प्युटरवर नसतो. कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला बँकेकडून घ्यायचा, बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा, त्याचा फेरफार (म्हणजे बदलाची नोंद) पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मग रकान्यातली ओळ जाते. कंपन्यांनाही यातून सुटका नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 77 प्रमाणे चार्ज झाल्यापासून 30 दिवसांत तो रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो आणि कर्ज फिटल्यावर तसं कळवावं लागतं. कंपनीकडे त्यासाठी पगारी माणूस असतो. शेतकऱ्याला हे बहुधा वीस वर्षांनी कळतं, वाटणीच्या किंवा खरेदीखताच्या वेळी. तोवर कर्ज घेणारे वडील गेलेले असतात, सोसायटीचा सेक्रेटरी बदललेला असतो, आणि फिटलेल्या कर्जाचा दाखला मागायला कुणाकडे जायचं हेच ठरत नसतं.

सातबारा आता मोबाइलवर दिसतो. वडिलांच्या नावावर कधीकाळी पाईपलाईन, विहीर किंवा ट्रॅक्टरचं कर्ज होतं हे ज्यांना आठवतंय त्यांनी इतर हक्कांचा रकाना आजच उघडून बघा. आणि त्यात बोजा दिसला तर कर्ज कुठल्या बँकेचं, किती सालचं आणि फेरफार क्रमांक काय, हे लिहून घेऊन मगच तलाठी ऑफिसला जा.