खुलासा : नोबिता कोमात नव्हता, 'डोरेमॉन'चा शेवट झालेलाच नाही

'डोरेमॉन' ही नोबिता नावाचा मुलगा आणि भविष्यातून आलेलं त्याचं रोबो-मांजर डोरेमॉन यांची जपानी कार्टून मालिका. 'डोरेमॉनच्या शेवटच्या भागात कळतं की नोबिता मानसिक रुग्ण होता, डोरेमॉन, शिझुका, जियान, सुनियो हे सगळे त्याचे भास होते,' असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. कुठे तो कोमात असतो, कुठे आत्महत्या करतो. हे खोटं आहे. असा भाग कधीच बनलेला नाही.

मूळ चित्रकथेचे लेखक फुजिको एफ. फुजिओ (खरं नाव हिरोशी फुजिमोतो) १९९६ मध्ये वारले. अखेरचा शेवट त्यांनी लिहिलाच नाही. चित्रकथा छापणाऱ्या मासिकाच्या मार्च १९७४ च्या अंकात डोरेमॉन निरोप घेतो, ही गोष्ट मात्र खरी. आपला मित्र निश्चिंत मनाने जावा म्हणून नोबिता त्या रात्री दांडगट जियानशी एकट्याने लढतो, मार खातो, पण हटत नाही. फार सुंदर गोष्ट आहे ती, आणि तिच्यात आजाराचा उल्लेखही नाही. पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परतला!

बॅटरी संपलेल्या डोरेमॉनला मोठेपणी नोबिता दुरुस्त करतो, हा शेवटही एका चाहत्याने रचलेला, अधिकृत नव्हे.

गोंधळाला २००५ सालही कारणीभूत असावं. १९७९ पासूनची मालिका त्या मार्चमध्ये थांबली, पण एप्रिलमध्ये नव्या आवाजांसह लगेच नवी मालिका सुरू झाली.

मुलं हा मजकूर वाचून खरोखर घाबरतात. कृपया तो पुढे पाठवू नका.