परमार्थ आपला, प्रपंच दुसऱ्याचा

प्रपंच सांभाळून परमार्थ कसा साधावा, या चिंतेने झोप उडालेल्या समस्त बंधूंसाठी हे चार शब्द. उपाय अगदी सोपा आहे. परमार्थ स्वतः करावा आणि प्रपंच घरातल्या बाईकडे द्यावा.

मुहूर्त म्हणाल तर दत्तजयंतीच्या आधीचा गुरुचरित्राचा सप्ताह उत्तम. मार्गशीर्ष पौर्णिमा पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, तरी घरच्यांना मात्र आदल्या रात्री सांगावं.

पोथीसमोर बसल्याचा फोटो स्टेटसला टाकावा. मौन त्यानंतर.

‘आधी प्रपंच करावा नेटका’ ही दासबोधातली ओवी पाठ ठेवावी, दुसऱ्यांना ऐकवायला बरी पडते.

नियम कडक हवेत. कांदा-लसूण वर्ज्य, जेवण एकदाच, पण ते गरम, वेळेवर आणि सोवळ्यात शिजवलेलं. हा ग्रंथ बायकांनी वाचू नये असं बजावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पारायणाचा स्वयंपाक बायकांनी करू नये असं बजावणारा मला अजून भेटायचा आहे. धोतर कुणी धुवायचं, कुठे वाळत घालायचं, त्याला कुणी शिवायचं नाही, यावर आमच्या दादाने सविस्तर निरूपण केलं. धुतलं वहिनीने. मग तिची अडचण आली. अशा वेळी काय करावं? लग्न झालेल्या बहिणीला फोन करावा. ती बहीण मी.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही त्याच आठवड्यातली, महिनाभर आधी घेतलेली. तो पारायणाचा पाचवा दिवस. त्या दिवशी ३६ ते ३८ हे अध्याय असतात. वहिनीला रजा नव्हती. आईला खाली रिक्षात बसवलं आणि लक्षात आलं की मेडिक्लेमचं कार्ड कपाटात आहे. कपाटाची किल्ली दादाच्या जानव्याला, जानवं दादाच्या गळ्यात आणि दादा सोवळ्यात. मी दारातून हाका मारल्या. वाचताना मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, म्हणून त्याने ‘हूं हूं’ केलं आणि बोटाने पोथी दाखवली. कुठला अध्याय चालला होता? छत्तिसावा! गृहस्थाने रोज कसं वागावं ते त्यातच सांगितलंय, आणि तो भलता लांब आहे. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी कार्डाशिवाय गेलो, पैसे मी भरले. संध्याकाळी याने विचारलं काय, तर ‘महाराजांनी सगळं नीट करून घेतलं ना?’ महाराजांनी नाही, मी केलं! सकाळी उपाशीपोटी तुझा नैवेद्य रांधून मग केलं!

मुलांच्या शाळेतल्या मीटिंगांचं काय? तीही महाराजांची इच्छा.

जाऊ दे, हे उपरोधाचं सोंग आता माझ्याने वठत नाही. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, म्हणून त्याने दारात आलेल्या देवाला वीट देऊन थांबवलं. तुम्ही देवासाठी आईला रिक्षात थांबवता, आणि वर पंढरीचा टिळा लावता! एकनाथांनी पैठणला गिरिजाबाईंबरोबर संसार केला आणि भागवतावर टीकाही लिहिली. तुम्हाला छापलेली पोथी वाचायची आहे फक्त, त्यासाठी अख्खं घर वेठीला? पारायण आठ दिवस पुढे ढकललं असतं तर दत्तमहाराज रुसले असते? जमत नव्हतं तर ऑपरेशनची तारीख बदलून घ्यायची, एक फोन लागतो. तोही केला नाहीत. उद्यापनाला मात्र माणसं बोलावलीत आणि पुरणपोळी ठरवलीत. पुरण कोण वाटणार, हे कुणाला विचारलं होतंत?

सप्ताह संपला, प्रसाद वाटून झाला, सोवळं घडी करून ठेवलं. वहिनी ऑफिसात असते आणि दुपारचे थेंब डोळ्यात घालायला आई शेजारच्या मुलीला हाक मारते. पलीकडच्या खोलीत तुम्ही माळ ओढत बसलेले असता. ठेवा ती खाली आणि उठा. हात धुवा, बाटली फ्रिजच्या दारात आहे.