रहिवासी शून्य, तरीही मेअर

धरणग्रस्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात जी चर्चा होते, ती बहुधा मोबदला, पर्यायी जमीन आणि नव्या गावठाणातील नागरी सुविधा यांपाशी येऊन थांबते. ईशान्य फ्रान्समधील लोरेन प्रांतात राहू लागल्यापासून मला वाटते की, गाव उठल्यानंतर त्याच्या कायदेशीर अस्तित्वाचे काय होते, हेही आपण विचारायला हवे.

व्हर्दुनजवळचे फ्लरी हे पहिल्या महायुद्धापूर्वी चारशेच्या आसपास वस्तीचे गाव होते. फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मन हल्ला सुरू झाला तेव्हा ग्रामस्थांना घरेदारे सोडावी लागली आणि त्या उन्हाळ्यात गावाचा ताबा दोन सैन्यांमध्ये सोळा वेळा बदलला. युद्ध संपले तेव्हा तिथल्या मातीत न फुटलेले तोफगोळे आणि मृतदेह इतके होते की, सरकारने शेती व वस्तीस मनाई करून जंगल लावले. या परिसरातील नऊ गावे अशी उद्ध्वस्त झाली; त्यांपैकी सहांमध्ये आज एकही रहिवासी नाही. तरीही फ्रान्सने त्यांची नावे दप्तरातून काढली नाहीत. मतदारच नसल्याने निवडणूक होत नाही. म्हणून प्रीफेक्ट, म्हणजे साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, तीन जणांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाला मेअरचे अधिकार असतात. फ्लरीच्या खड्ड्याखड्ड्यांच्या जमिनीवर आता पायवाटा आहेत आणि कोणाचे घर, कोणाचे दुकान कुठे होते ते सांगणारे खांब आहेत.

फ्रान्सचे हे औदार्य अर्थात सैनिकांच्या बलिदानापोटी आलेले आहे. जिवंत शेतकऱ्यांच्या वाट्याला ते सहज येत नाही. आल्प्समधील तीन्य हे गाव १९५२ मध्ये धरणात बुडाले, तेव्हा विरोध करणाऱ्या रहिवाशांना बाहेर काढायला सशस्त्र पोलीस आणले गेले. मात्र तीन्यची ग्रामसंस्था टिकली आणि त्याच नावाने वरच्या उतारावर पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडे कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांची माणसे सोलापूर, सांगली, रायगड अशी दूरदूर विखुरली. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की जुन्या पळसदेवच्या मंदिराची छायाचित्रे आपण कौतुकाने एकमेकांना पाठवतो, पण बुडालेल्या गावाच्या वतीने बोलणारे अधिकृत कोणी उरले आहे का, हे विचारत नाही. ज्याला अजून जमीनच मिळालेली नाही, त्याला ही दप्तरी चैन वाटेल, आणि जमिनीऐवजी कोणी ती देऊ केली तर त्याने संतापणेच योग्य ठरेल. पण ग्रामपंचायत मिटते तेव्हा सरकारसमोर एक गाव उभे राहण्याऐवजी शेकडो सुटी कुटुंबे आपापले कागद घेऊन उभी राहतात आणि दाव्याची पुढची पिढी खातेदाराचा वारस असल्याचे सिद्ध करण्यातच खर्ची पडते. पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत मूळ ग्रामपंचायत, निदान तिची कुटुंबांची यादी आणि दावा लढवण्याचा अधिकार, कायद्याने जिवंत ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. फ्रान्सने तर हे शंभर वर्षांहून अधिक काळ, एकही मतदार नसलेल्या गावांसाठी केले आहे.