पळणारा माणूस चोर कुणाला दिसतो?

गावाकडे चोरांची आवई उठली आणि काठ्या-कुऱ्हाडी घेऊन गस्त सुरू झाली, की एक मुद्दा हमखास ऐकवला जातो: अमेरिकेत माणूस बंदूक घेऊन आपली वस्ती राखतो, तिथे कायदाच तसा आहे, आणि तिथल्या काळ्या-गोऱ्याच्या भानगडीशी आपला काय संबंध! इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहून मला हे ऐकवत नाही.

ब्रन्सविकजवळच्या सॅटिला शोअर्समध्ये २३ फेब्रुवारी २०२० रोजी अहमॉड आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पळत चालला होता. वस्तीतले गोरे बाप-लेक पिकअप घेऊन त्याच्या मागे लागले. बापाकडे रिव्हॉल्वर, लेकाकडे शॉटगन. शेजारीही आपला ट्रक घेऊन निघाला आणि फोनवर चित्रण करत राहिला. पाचेक मिनिटं पाठलाग, मग शॉटगनचे तीन बार, आणि आर्बरी ठार. ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरावर ‘काय झालंय?’ असं विचारल्यावर बापाने सांगितलं होतं की एक काळा माणूस रस्त्याने पळतोय.

बचावाला पुढे आला तो १८६३ पासूनचा नागरिकाने अटक करण्याचा कायदा. पण त्यालाही गुन्हा डोळ्यांसमोर घडलेला किंवा थेट माहितीतला लागत होता. आर्बरी बांधकाम चालू असलेल्या एका घरात शिरला होता, त्याने काही नेलं नव्हतं. त्याच घराच्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या वेळी एक गोरं जोडपं दिसतं, मुलंही दिसतात. त्यांच्यामागे कुणी बंदूक घेऊन धावलं नाही. माझ्या लेखी सगळं प्रकरण इथेच आहे.

७४ दिवस अटक झाली नाही. एका सरकारी वकिलाने तर अटकेला आधारच नाही असं लेखी कळवलं. चित्रफीत ५ मे रोजी बाहेर आली आणि दोन दिवसांत बाप-लेक आत गेले. राज्याच्या खटल्यात सरकारी पक्षाने वर्णाचा मुद्दा फारसा काढला नाही, याचंच भांडवल केलं जातं. पण २०२२ च्या संघीय, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या खटल्यात आरोपींचे जुने वर्णद्वेषी मेसेज ज्युरीपुढे आले आणि तिघेही द्वेषमूलक गुन्ह्यात दोषी ठरले. तो जुना कायदा तर २०२१ मध्येच रद्द झाला. आता दुकानदार आपल्या दुकानातल्या चोराला अडवून ठेवू शकतो, वस्तीतला कुणीही उठून पाठलाग करू शकत नाही.

आपल्याकडचं कलमही वाचावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा तुमच्या समक्ष घडला, किंवा माणूस घोषित अपराधी असला, तरच तुम्हाला अटक करता येते. आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. संशयावर अटक नाही, मारहाणीला तर जागाच नाही.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते बहुतेक मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले भिक्षेकरी. कितीतरी भटक्या जमातींवर इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो १९५२ मध्ये कागदावरून गेला, नजरेतून गेला नाही. याला वर्णद्वेष म्हणायचं नसेल तर दुसरं नाव द्या, पण नुसती अफवा म्हणू नका.

२००१ मधल्या सप्टेंबर ११ च्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच गॅस स्टेशनबाहेर गोळी घातली गेली, पगडीमुळे. तेव्हापासून इथला प्रत्येक भारतीय त्या नजरेच्या टप्प्यात आहे. आणि तरीही डवरी गोसावी दारात आला की आपल्या घरांत मुलांना आत ओढलं जायचं. ती नजर आम्ही इकडे येताना मागे ठेवून आलो, असं मला छातीठोक म्हणता येत नाही.